देव्हाऱ्यांतील टाक व काँगोंतील सोंग्ये लोकांच्या शक्तिमूर्ती

जुन्या वस्तूंचा संग्रह करणाऱ्या गृहस्थांकडे पोथ्या, नाणीं व शस्त्रें ह्यांच्या जोडीला देवांचे टाकहि आतां सर्रास दिसूं लागले आहेत. चांदीच्या किंवा तांब्याच्या पातळ पत्र्यावर उठविलेली खंडोबाची, भवानीची अगर एखाद्या अनामिक वीराची आकृति पेटींतील मखमलीवर ठेवली म्हणजे शोभून दिसते. आणि खालीं ‘टाक, चांदी, दख्खन, एकोणिसावें शतक’ अशी चिठी लागली कीं संग्राहकाचें काम संपलें असें मानण्याचा प्रघात पडला आहे. प्रस्तुत लेखाचें म्हणणें असें कीं, तें काम तेथें संपत नाहीं. वस्तु पेटींत येण्यापूर्वींच तिच्यांतील मुख्य भाग निघून गेलेला असतो. तो कोणता होता, कोणीं घातला होता व केव्हां काढला, हें टिपून ठेवल्यावांचून टाक हें इतिहासाचें साधन होत नाहीं. नित्याच्या सहवासामुळें हा मुद्दा घरच्या वस्तूवरून चटकन् लक्षांत येत नाहीं. परक्या घरांतील तशाच वस्तूशीं ती ताडून पाहिली म्हणजे येतो. म्हणून मध्य आफ्रिकेंतील सोंग्ये नांवाच्या लोकांच्या शक्तिमूर्ती येथें तुलनेस घेतल्या आहेत.

विचाराच्या सोयीसाठीं आपल्याकडील एक मुलूख डोळ्यांपुढें ठेवूं. रायगड जिल्ह्यांत (हा १९८१ पर्यंत कुलाबा जिल्हा होता) पेणेहून नागोठण्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर कासू हें गांव आहे. पेण व रोहें ह्यांच्यामधील लोहमार्गावरहि त्याच नांवाचें ठाणें आहे. टापूची एक बाजू खाडीलगतच्या खार जमिनीची, दुसरी डोंगराची. वस्ती आगरी, कुणबी, मराठे ह्यांची, व डोंगरकडेला ठाकूर आणि कातकरी. ह्या टापूंत मूर्ति व तिच्यांतील देव ह्यांचा भेद लहान मुलासहि ठाऊक असतो. कारण गणपतीच्या मूर्ती घडविण्याचा मोठा धंदा पेण शहरांत आणि हमरापूर, जोहें ह्या जवळच्या गांवांत चालतो. कारखान्यांत शेंकडों मूर्ती ओळीनें मांडलेल्या असतात. कारागीर त्यांच्यामधून वावरतो, एखादीचा हात मोडला तर नवा चिकटवितो, आणि कोणी त्यांस हात जोडीत नाहीं. भाद्रपद शुद्ध चतुर्थीस प्राणप्रतिष्ठेचे मंत्र झाले कीं त्याच मातीस ओवाळतात. उत्तरपूजा होऊन अक्षता पडल्या व मूर्ति जागेवरून किंचित् हलविली कीं ती पुनः माती होते व पाण्यांत जाते. घडविणें, भरणें व रितें करणें ह्या तिन्ही क्रिया येथें थोड्या दिवसांत डोळ्यांदेखत होतात. टाकाच्या बाबतींत त्यांनाच दोन-तीन पिढ्या लागतात, म्हणून त्या नजरेस येत नाहींत इतकेंच.

टाक सोनाराच्या घरीं जन्मतो. धातूच्या ठशावर देवतेची आकृति कोरलेली असते. तिच्यावर चांदीचा पातळ पत्रा ठेवून वर शिशाचा तुकडा घेऊन ठोकतात. शिसें मऊ असल्यामुळें पत्रा न फाटतां ठशाच्या खांचाखोंचांत बसतो. मग कडा कातरून, मागील पोकळींत लाख भरून, तांब्याच्या पत्र्यानें पाठ बंद करतात. लाख व पाठ सगळ्याच टाकांना असते असें नाहीं. हलके टाक नुसत्या पत्र्याचेहि असतात. आकार बहुधा उभट चौकोनी, व वरचें टोंक निमुळतें. घोड्यावर बसलेला खंडोबा, त्याच्यासवें म्हाळसा व पायांशीं कुत्रा. महिषासुरास मारणारी भवानी. बहिरोबा, जोतिबा, साती आसरा, नाग. आणि ह्यांच्या जोडीला वीर, म्हणजे हातीं तरवार अगर भाला घेतलेला, स्वार वा पायींचा, घरांतलाच कोणी मृत पुरुष. (लिहिण्याच्या लेखणीसहि आपल्याकडे टाक म्हणतात. जुन्या घरगुती याद्या वाचतांना शेजारचीं पदें न पाहतां अर्थ केल्यास दौतीजवळचा टाक देव्हाऱ्यांत जाऊन बसावयाचा, एवढें पोथीसंग्राहकांस जातां जातां सुचवून ठेवतों.)

सोनारानें टाक हातीं दिला तेव्हां तो दागिन्यासारखाच एक जिन्नस असतो. त्याची किंमत वजनावर व घडणावळीवर ठरते. त्याचा देव होतो तो पुढें. कोठें ब्राह्मण प्रतिष्ठा करतो, कोठें गुरव अगर घरांतील वडील माणूस भंडारा वाहून तो देव्हाऱ्यांत बसवितो. परंतु ज्या घरचें कुलदैवत खंडोबा आहे त्या घरीं खरा विधि म्हणजे भेट. टाक जेजुरीस न्यावयाचा, मूळ देवाशीं त्याची गांठ घालावयाची, भंडाऱ्यानें तो माखावयाचा व मग परत आणावयाचा. सोमवती अमावास्येस जेजुरीच्या देवाची पालखी कऱ्हेवर स्नानास जाते, तेव्हां भाविक आपापले घरचे टाकहि तेथें आणून त्याच पाण्यांत न्हाऊं घालतात. एकदां भेट झाली म्हणजे झालें असेंहि नाहीं. लग्नकार्य झालें, नवीन घर बांधलें, घरांत कांहीं अरिष्ट आलें कीं देव पुनः भेटीस नेतात. मुळापासून दूर राहिलेल्या देवाचें तेज कमी होतें व मुळास भेटविल्यानें तें परत येतें, ही ह्यामागील समजूत. डॉ. रा. चिं. ढेरे ह्यांचा ‘खंडोबा’ हा ग्रंथ १९६१ सालीं निघाला. पुढें गुंथर सोन्थायमर ह्या जर्मन पंडितानें (१९३४–१९९२) खंडोबा, बिरोबा व म्हसकोबा ह्यांच्या उपासकांत वर्षानुवर्षें हिंडून ह्या संप्रदायाचा जो अभ्यास केला तो सर्वांस ठाऊक आहे. ह्या दोघांच्या श्रमांमुळें टाकाकडे नुसता घरगुती दागिना म्हणून पाहण्याची संवय मोडण्यास मोठें साह्य झालें.

वीराच्या टाकाची गोष्ट थोडी निराळी. त्यास भेटविण्यासाठीं मूळ देऊळ नसतें. त्याचें मूळ म्हणजे त्या घरचें स्मरण. लढाईंत पडलेला, अकालीं गेलेला किंवा इच्छा अपुरी राहून मेलेला पुरुष घरास पीडा करूं लागला म्हणजे त्यास टाकांत बसवून देव्हाऱ्यांत जागा देतात. मग तोच घराचा राखणदार होतो. नाशकास धूलिवंदनाच्या दिवशीं घरोघरचे वीर वाजतगाजत गोदावरीवर स्नानास नेतात, तो ह्याच समजुतीचा सार्वजनिक उत्सव होय. कोंकणांत वीरपूजेची मुळें किती खोल आहेत ह्यास आमच्या टापूंतील साक्ष हवी असल्यास रोह्याचें ग्रामदैवत धावीर महाराज आहे. वीर हें पद देवाच्या नांवांतच नांदतें आहे, आणि त्याच्या पालखीस पोलिसांची सशस्त्र सलामी देण्याची रीत प्रसिद्ध आहे.

कोंकणांतील असल्या समजुतींची पहिली पद्धतशीर टिपणें शाळामास्तरांनीं लिहिलेलीं आहेत, ही गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. ए. एम. टी. जॅक्सन ह्या अधिकाऱ्यानें प्रश्नावल्या तयार करून त्या गांवोगांवच्या शिक्षकांकडे धाडल्या होत्या. १९०९ सालीं नाशकास जॅक्सनचा वध झाला. त्याची ही टिपणें पुढें एन्थोवेननें व्यवस्थित लावून गुजराथचा भाग १९१४ सालीं व कोंकणचा १९१५ सालीं छापिला. कोंकणच्या भागांत कुलाबा जिल्ह्यांतील चौक, पोलादपूर इत्यादि गांवांच्या मास्तरांचीं उत्तरें आहेत. चेडा, वेताळ, मुंजा, म्हसोबा, त्यांची स्थानें व त्यांस शांत करण्याचे उपाय ह्यांची माहिती त्यांत जितकी भरपूर आहे, तितकी त्या देवांच्या मूर्तींची नाहीं. देवाच्या वस्तूचें वर्णन करण्याची संवय तेव्हां आम्हांस नव्हती. ज्यांना होती ते वस्तु उचलून नेत आणि समजूत मागें टाकीत.

टाक रिता कसा होतो? रोजच्या स्नानानें, चिंचेनें वा राखेनें घांसण्यानें, आकृतीचे उंच भाग प्रथम जातात: खंडोबाचें नाक, घोड्याचें तोंड, तरवारीचें टोंक. अखेर पत्रा भोंकसतो व लाख दिसूं लागते. भंगलेल्या देवाची पूजा करूं नये हा सर्वसाधारण नियम. मग तो टाक नदींत सोडतात, अगर सोनाराकडे नेऊन तेंच रुपें नव्या टाकांत घालतात. ह्या दोन्ही वाटा शास्त्रांस संमतच आहेत असें नाहीं, पण शास्त्राशीं त्यांचें नातें उघड आहे. अग्निपुराणांतील जीर्णोद्धाराच्या प्रकरणांत लांकडाची जीर्ण मूर्ति अग्नीस द्यावी, दगडाची व धातूची अगाध जळांत टाकावी असें सांगितलें आहे. कमलाकर भट्टाचा निर्णयसिंधु (१६१२) व पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यांचा धर्मसिंधु (१७९०) ह्या दोन्ही ग्रंथांत मूर्तीची प्रतिष्ठा व पुनःप्रतिष्ठा ह्यांचा विचार आहे. पुनःप्रतिष्ठा ह्या एका शब्दांतच सर्व आलें: मूर्तींतून देव जाऊं शकतो, आणि परत आणतां येतो.

आतां सोंग्ये लोकांकडे वळूं. त्यांचा मुलूख आजच्या काँगोच्या लोकसत्ताक प्रजासत्ताकाच्या मध्य-आग्नेय भागांत, लोमामी नदीच्या दोन्ही बाजूंस आहे. काबिंदा हें त्यांतील एक मुख्य शहर. त्यांच्या शक्तिमूर्तीस एकवचनीं न्किशी व अनेकवचनीं मान्किशी म्हणतात. मूर्ति लांकडाची व बहुधा पुरुषाची, वाटोळ्या बैठकीवर उभी; चेहरा कोनाकोनांचा, मान लांब, दोन्ही हात पुढें आलेल्या पोटावर टेकलेले. घरगुती मूर्ति वीतभर किंवा त्याहूनहि लहान असते, तर सबंध गांवासाठीं केलेली दोन-तीन फूट, क्वचित् त्याहूनहि उंच. तिच्या डोक्यांत शिंग रोंवलेलें असतें. अंगावर धातूच्या पट्ट्या व खिळे, जनावरांचीं कातडीं, मणी, पिसें, कवड्या. पाहणाऱ्यास हीच मूर्ति वाटते. सोंग्ये माणसाच्या लेखीं मात्र ही नुसती कोठी होय.

सुतार मूर्ति कोरतो तेव्हां मस्तकाच्या माथ्यावर व पोटाच्या बेंबीपाशीं खांच ठेवतो, आणि त्याचें काम तेथें संपतें. पुढचें काम न्गांगा नांवाच्या तज्ज्ञाचें. तो ह्या खांचांत व शिंगांत बिशिंबा भरतो. बिशिंबा म्हणजे शक्तीचे पदार्थ: ठराविक जागेची माती, मुळ्या, जनावरांच्या नख्या व हाडें, माणसांचे केंस व नखें. कोणता पदार्थ कशासाठीं, हें न्गांगाचें ज्ञान. ते भरले कीं लांकडाची न्किशी झाली. गांवच्या मोठ्या मूर्तीस स्वतंत्र झोंपडी, तिची देखभाल करणारा माणूस व स्वतःचें नांव असे. हीं नांवें पुष्कळदां गाजलेल्या मुखियांचीं असत. अमावास्या उलटून चंद्रदर्शन झालें कीं ती बाहेर काढीत व तेल आणि कोंबड्याचें रक्त लावीत. तिला हातानें शिवत नसत. दंडांस काठ्या बांधून त्या काठ्यांनी उचलीत. ती परमेश्वर नव्हे. सोंग्यांचा उत्पत्तिकर्ता देव निराळा आहे. ही पूर्वजांची शक्ति जिवंतांच्या कामास लावणारी मध्यस्थ. चेटूक, रोगराई, वांझपणा, शत्रु ह्यांपासून राखण करणें हें तिचें काम. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत पूर्व किनाऱ्यावरील गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या स्वाऱ्यांनी तो मुलूख उजाड केला, हें ध्यानांत घेतलें म्हणजे राखणीची गरज किती खरी होती हें कळतें.

१८८५ सालीं बेल्जियमच्या लिओपोल्ड राजानें काँगो आपल्या खाजगी मालकीचा करून घेतला, १९०८ सालीं तो बेल्जियम सरकारकडे गेला, व १९६० मध्यें स्वतंत्र झाला. मधल्या काळांत मान्किशी शेंकड्यांनीं युरोपांत गेल्या. ब्रुसेल्सजवळ तेर्व्यूरेन येथें १८९७ सालीं जें प्रदर्शन झालें त्यांतून तेथील मोठें संग्रहालय निघालें. एमिल तोर्दे ह्यानें १९०७ ते १९०९ ह्या सफरींत त्या प्रदेशांतून जमविलेल्या वस्तू लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयांत आहेत. ह्या सर्व संग्रहांतून एक गोष्ट वारंवार आढळते: कित्येक मूर्तींचें पोट रिकामें आहे. कोणी म्हणेल, वाटेंत सामान पडलें. कांहींचें पडलेंहि असेल. परंतु न्गांगा मेला, मूर्तीचा गुण ओसरला किंवा ती परक्यास द्यावयाची झाली म्हणजे बिशिंबा काढून घेण्याची रीत होती. उरलेलें लांकूड विकण्यास हरकत नसे. म्हणजे ती रिकामी खांच हा मोडतोडीचा नव्हे, एका विधीचा पुरावा आहे. दुन्या हेर्साक ह्या विदुषीनें सोंग्यांमध्यें राहून केलेल्या अभ्यासाचा ग्रंथ १९८६ सालीं प्रसिद्ध केला. तत्पूर्वीं ह्या मूर्तींची चर्चा बहुतेक त्यांच्या नाकाडोळ्यांच्या घडणीवरूनच होत असे.

दोन्ही वस्तू समोरासमोर ठेवल्यावर पहिला मोह असा होतो कीं, टाकाच्या पोटांतील लाख म्हणजेच आपलें बिशिंबा. हा मोह आवरला पाहिजे. लाख ही पत्रा चेपूं नये म्हणून घातलेली भर आहे; तिला मंत्र नाहीं, मान नाहीं, आणि टाक मोडतांना सोनार ती खुशाल जाळून टाकतो. टाकांतील देव पदार्थांनीं भरलेला नसतो, संबंधानें भरलेला असतो: मुळाच्या भेटीनें, नदीच्या स्नानानें, घरच्या माणसांच्या स्मरणानें. आणखी एक भेद वस्तूच्या अंगावरच वाचतां येतो. न्किशीला हात लावीत नसत व तेल-रक्ताचे थर चढवीत, म्हणून ती वयानें जाड होत जाते. टाक रोज हातांत घेऊन घांसतात, म्हणून तो वयानें पातळ होतो. आमच्याकडे चढत्या थरांचें उदाहरण टाकांत नव्हे, शेंदरांत पाहावें. वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरील शेंदराचें कवच २०२२ सालीं काढलें तेव्हां खालचें मूळ रूप दिसून सर्वांस आश्चर्य वाटलें.

पदार्थ पोटांत घालण्याची कल्पना मात्र आमच्याकडे नाहीं असें नव्हे. ती दुसरीकडे आहे. देवळांत मूर्ति बसवितांना तिच्याखालीं पीठाच्या खांचेंत रत्नें, धातु, धान्यें व औषधि घालतात, त्यास रत्नन्यास म्हणतात. जगन्नाथपुरीस लांकडी मूर्ती ठराविक योगावर नव्या करतात (शेवटचे दोन प्रसंग १९९६ व २०१५ सालचे). त्या वेळीं जुन्या मूर्तीच्या पोटांतील ब्रह्मपदार्थ पुजारी डोळे बांधून, काळोखांत, नव्या मूर्तीच्या पोटांत ठेवतो व जुन्या मूर्तीस पुरतात. न्किशीशीं ह्याहून जवळचें साम्य मला दुसरें माहीत नाहीं. आणि तिसरी जागा आमच्या प्रत्येकाच्या परिचयाची: ताईत. त्याच्या नळींत कधीं मुळी असते, कधीं राख, आणि फार वेळां भूर्जपत्रावर अगर कागदावर लिहिलेलें यंत्र. येथें लिखाण हेंच बिशिंबा झालें आहे. पोथीसंग्राहकांनीं ताइताकडे आजवर दुर्लक्ष केलें हें मला नवल वाटतें. कारण अक्षर वाचण्यासाठीं नव्हे तर अंगावर बाळगण्यासाठीं लिहिलें, अशा लेखनाचा एक मोठा सांठा त्या नळ्यांत पडून आहे.

येथें एका शब्दाचा इतिहास सांगणें अप्रस्तुत होणार नाहीं. अशा मूर्तींना युरोपीय भाषांत ‘फेटिश’ म्हणत आले. हा शब्द पोर्तुगीज ‘फेइतिसु’ ह्यावरून निघाला असून त्याचें मूळ लॅटिन ‘फाक्तिकिउस’, म्हणजे हातानें केलेलें. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोर्तुगीज खलाशांनीं तो तेथील देवांस लाविला. १७६० सालीं द ब्रॉस ह्या फ्रेंच पंडितानें त्यावरून एका सबंध धर्मावस्थेचेंच नांव बनविलें. हेच पोर्तुगीज कुंडलिकेच्या मुखाशीं चौल-रेवदंडा व कोर्लई येथें सोळाव्या शतकापासून १७४० पर्यंत ठाण मांडून होते. त्याच नदीवर वर रोहें आहे. गोव्यास १५६० सालीं इन्क्विझिशन बसलें, आणि १७३६ सालच्या त्याच्या जाहीरनाम्यानें हिंदु चालीरीतींची लांबलचक यादी करून त्या बाटलेल्यांस मना केल्या. आफ्रिकेंतील न्किशी व कोंकणांतील देव ह्यांकडे पाहणारा डोळा एकच होता: हातानें केलेलें तें खोटें. आपल्या जुन्या वाङ्मयांत ह्याच अर्थाचा एक शब्द आहे, तो कृत्या. ‘कृ’ धातूपासून झालेली, केलेली ती कृत्या. अथर्ववेदाच्या दहाव्या कांडाच्या आरंभीं तिचें वर्णन आहे: डोकें, नाक, कान असलेली, कुशल हातांनीं नवरीसारखी सजविलेली. तेथें ती केलेली आहे म्हणून खोटी नव्हे. केलेली आहे म्हणूनच भयंकर आहे, व केली तिच्याकडे परत धाडतां येते. सोंग्ये न्गांगास हा विचार सहज पटला असता.

जंजिऱ्याच्या सिद्दींचें राज्य (१९४८ सालीं विलीन झालेलें) येथून जवळ असल्यामुळें कोणी ह्या साम्याचें मूळ आफ्रिकेंतून आलेल्या लोकांत शोधूं जाईल, म्हणून स्पष्ट लिहितों. सिद्दी लोक हबसाण व पूर्व किनारा येथून आले. सोंग्ये काँगोच्या खोऱ्यांत आंतल्या बाजूस. दोहोंत दळणवळणाचा पुरावा नाहीं, आणि साम्यास त्याची गरजहि नाहीं. रोग, शत्रु व मेलेल्यांचा रुसवा ह्यांस तोंड देणाऱ्या दोन समाजांनीं आपापल्या परीनें राखणदार केले, एवढाच ह्याचा अर्थ.

खरी अडचण निराळीच आहे. टाकावर बहुधा नांव नसतें. ठसा एकच, त्यावर ह्या घरचाहि वीर निघे व त्या घरचाहि. हा आमचा पणजा, हा धाकट्या पातीचा चुलता, ही भेद करणारी माहिती केवळ घरच्या वडील माणसाच्या, बहुधा बायकांच्या, तोंडीं असते. कुलवृत्तांत लिहिणाऱ्यानें वंशावळीशीं ताडण्यासाठीं देव्हाऱ्यांतील वीर मोजावे असें मला वाटतें. वंशावळींत संतति नसल्यामुळें गाळलेला पुरुष देव्हाऱ्यांत पुष्कळदां सांपडावा, कारण ज्याच्या मागें कोणी नाहीं त्याचाच टाक व्हावयाचा संभव अधिक. परंतु टाक देव्हाऱ्यांतून उठून सराफाच्या तागडींत गेला कीं ही साक्ष एका क्षणांत मुकी होते. न्किशीचें तेंच झालें: गांवांत जिला नांव होतें, तिला संग्रहालयांत क्रमांक मिळाला. चांदीचा भाव चढला कीं जुने टाक आटतात, घरें विभागलीं कीं थोरल्याकडे जुने देव राहून धाकट्याचे नवे होतात, आणि विभागणीच्या वेळीं कोणता वीर कोणाचा हें कागदावर कोणी लिहीत नाहीं.

तेव्हां टाक हातीं येईल त्यानें तो प्रथम उजळूं नये. खांचांतील भंडारा व जुना मळ हाच त्याच्या भेटींचा लेख आहे. तेजाबांत बुडविलेला टाक म्हणजे धुऊन काढलेली पोथी. पाठ उघडी असल्यास लाख, पत्रा, डाग, जोड ह्यांची नोंद करावी. कोणत्या गांवच्या, कोणत्या कुळाच्या देव्हाऱ्यांतून आला, त्याच्या शेजारीं आणखी कोणते टाक होते, शेवटची भेट कोठें झाली, आणि देण्यापूर्वीं त्यावर अक्षता टाकून त्यास निरोप दिला होता कीं नाहीं, हें देणाऱ्यासच विचारावें. शेवटला प्रश्न विचारतांना संग्राहकांस संकोच वाटतो. तथापि निरोप न देतां विकलेला टाक घेणाऱ्याच्या पेटींतहि त्या घरचा देवच राहतो, असें देणारा मानतो, व तें लिहून ठेवणें हें आपलें काम आहे. ताइताची नळी तर फोडूंच नये. न्किशीच्या पोटांतील पदार्थ ती न उघडतां क्ष-किरणांनीं पाहण्याचे प्रयोग परदेशीं झाले आहेत. नळींत कागद आहे कीं मुळी हें तेवढ्यानें कळेल, आणि अक्षरें वाचण्याचें साधन आज ना उद्यां येईल.

ह्याबरोबरच ठशांचा संग्रह स्वतंत्र ठेवावा. ठसा व टाक एकाच पेटींत मिसळलेले मीं पाहिले आहेत, व कोठें कोठें ठशासहि देव समजून हळदकुंकू वाहिलेलें दिसतें. ठसा हा कारागिराचा. तो कधीं भरला जात नाहीं, म्हणून रिताहि होत नाहीं. त्याची झीज हाताची नसून ठोक्याची असते: कडा बसक्या, बारीक रेघा मिटलेल्या, पण नाकडोळे शाबूत. एका ठशाचे टाक चार घरांत सांपडले तर तीं घरें एका सोनाराचीं गिऱ्हाइकें होतीं एवढें सिद्ध होतें, एका कुळाचीं होतीं असें नाहीं.